शिक्षा संपल्यानंतरची भाकरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले म्हणजे आहार, मुलांचा अभ्यास, फार झाले तर मृत्युपत्र कसे करावे, असा एखादा विषय असावा असा आपल्याकडे रिवाज आहे. म्हणून शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या परवान्यांविषयी मी बोलणार आहे असे चिटणीसबाईंना कळविले, तेव्हा त्या क्षणभर थबकल्या. "सणासारख्या दिवशी तुरुंगाची गोष्ट कशाला?" हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटले होते. पण त्यांनी नको म्हटले नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. विषय वाटतो तितका परका नाही, हे घटकाभरात आपल्याला पटेल अशी मला आशा आहे.

मी गेली अठ्ठावीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करते. मुलाला शिक्षा होते त्या दिवशी आई रडते, हे तर कोणीही सांगेल. परंतु माझ्या पाहण्यात असे आले आहे की, तिचे खरे रडणे पुढे पाच-सात वर्षांनी सुरू होते. तोवर मुलाचे लग्न झालेले असते, घरात एखादे तान्हे मूल असते, मुलगा अगदी सरळ मार्गाने चाललेला असतो, आणि एके दिवशी नोकरीचा किंवा परवान्याचा अर्ज परत येतो. पूर्वी दोषी ठरल्याची नोंद आहे, एवढाच शेरा असतो. ती माउली तो कागद पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवते आणि विचारते, "वकीलबाई, शिक्षा तर भोगून झाली ना? मग ही आता आणखी कसली?"

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या एका पुस्तकात एका ठिकाणी मिळत नाही. न्यायाधीश शिक्षा सुनावतात ती एक. ती किती दिवसांची, किती रुपयांची, हे निकालपत्रात लिहिलेले असते. पण त्याखेरीज निरनिराळ्या धंद्यांचे निरनिराळे कायदे आहेत, आणि त्यांत दोषी ठरलेल्या माणसाला काय करता येणार नाही हे ज्याने त्याने आपापल्या परीने लिहून ठेवले आहे. या दुसऱ्या शिक्षेची तारीख न्यायालयात कोणी वाचून दाखवीत नाही. आरोपीला ती ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर कित्येक वकिलांच्याही ती ध्यानात नसते.

आता तीन माणसे डोळ्यांपुढे आणा. पहिला आहे आमदार. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या आठव्या कलमाप्रमाणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कैद झाली, तर तो अपात्र ठरतो, आणि सुटल्यानंतर सहा वर्षे ती अपात्रता राहते. सातव्या वर्षी तो पुन्हा उभा राहू शकतो, निवडून येऊ शकतो आणि आपल्यासाठी कायदे करू शकतो. दुसरा आहे वकील होऊ इच्छिणारा. वकिलांच्या १९६१ च्या कायद्यात १९७३ साली २४-अ हे कलम घातले गेले. नैतिक अधःपतनाचा गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला सनद मिळणार नाही, असे ते म्हणते. पण लगेच पुढे म्हणते की, सुटकेनंतर दोन वर्षे लोटली म्हणजे ही आडकाठी संपली. तिसरा आहे आपल्या इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसणारा वॉचमन. खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ साली झाला. त्याचे दहावे कलम म्हणते की, सक्षम न्यायालयाने ज्याला दोषी ठरविले आहे अशा कोणालाही रखवालदार म्हणून नेमता येणार नाही. गुन्हा कोणता, हे तेथे विचारलेले नाही. किती वर्षांपूर्वीचा, हेही विचारलेले नाही. कैद झाली की नुसता दंड, याचाही भेद केलेला नाही.

म्हणजे हिशेब असा झाला: कायदे करणाराला सहा वर्षे, कायदा सांगणाराला दोन वर्षे, आणि रात्रभर जागणाराला जन्मभर! मी हे कोणाची थट्टा करण्यासाठी सांगत नाही. पण कायद्याची ही तीन पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर दुसरे काही म्हणता येत नाही.

एका मुलाची हकीकत सांगते. नाव सांगणार नाही आणि गावही नाही. विसाव्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत दोन मंडळांची बाचाबाची झाली, धक्काबुक्की झाली, समोरच्या एकाचा ओठ फुटला. साध्या दुखापतीचा गुन्हा नोंदला गेला. तारखेमागून तारखा पडू लागल्या. बापाचा दर तारखेला रोज बुडे. शेवटी कोणीतरी शहाण्याने सल्ला दिला, "कबूल करून टाका, दंड भरा आणि मोकळे व्हा." मुलाने कबूल केले. आठशे रुपये दंड झाला. बापाने तो भरला, घरी येऊन पेढे वाटले. सुटलो एकदाचे! त्यानंतर बारा वर्षांनी तो मुलगा एका एजन्सीत रखवालदाराच्या जागेसाठी गेला. अंगाने धिप्पाड, व्यसन नाही, मालक खूश. पोलीस पडताळणीत ते आठशे रुपये वर आले. जागा गेली. त्या पेढ्यांची आठवण त्याची आई अजून काढते.

भगिनींनो, आजच्या सर्व व्याख्यानातले एकच वाक्य आपण घरी न्यायचे ठरविले तर हे न्या: गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे सुटणे नव्हे. कायद्याच्या भाषेत ते दोषी ठरणेच आहे. आपल्या घरातल्या, शेजारच्या, कामवालीच्या मुलाला कोणी असा सल्ला देत असेल, तर सही करण्यापूर्वी त्याला थांबवा.

थांबवून काय करायचे? येथे मी जरा सावकाश सांगते, कारण ही वाट फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या देशात १९५८ सालापासून अपराधी परिवीक्षा अधिनियम नावाचा कायदा आहे. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात तर तशा प्रकारचा कायदा त्याच्याही आधी, १९३८ साली झाला होता. या १९५८ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली, दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल आणि पूर्वी कधी दोष शाबीत झाला नसेल, तर न्यायालय आरोपीला शिक्षा न देता समज देऊन सोडू शकते. चौथ्या कलमाखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. हमीची मुदत फार तर तीन वर्षांची. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यांना मात्र ही सवलत नाही. आणि याच कायद्याचे बारावे कलम असे की, तिसऱ्या किंवा चौथ्या कलमाखाली ज्याला सोडले, त्याला दोषी ठरल्यामुळे इतर कोणत्याही कायद्याखाली येणारी अपात्रता लागत नाही. हमी मोडली आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा पुढे भोगावी लागली, तर गोष्ट वेगळी.

त्या मिरवणुकीतल्या मुलाचा गुन्हा त्या वेळच्या कायद्याप्रमाणे एक वर्षाच्या आतल्या शिक्षेचा होता. वय वीस. पूर्वी काही नाही. म्हणजे तिसरे कलम त्याच्याचसाठी लिहिले आहे म्हणा ना! त्या दिवशी कोणीतरी उभे राहून, "साहेब, याला समज देऊन सोडावे," एवढा अर्ज केला असता, आणि साहेबांनी तो मान्य केला असता, तर बारा वर्षांनी त्या आठशे रुपयांनी त्याची वाट अडविली नसती. जेथे ही सवलत देता आली असती तेथे न्यायालयाने ती दिली नाही, तर त्याची कारणे निकालपत्रात लिहावी लागतात, असाही नियम आहे. खालच्या न्यायालयात मागायचे राहिले, तर अपिलातही मागता येते. मात्र मागितले पाहिजे. आमच्याकडे एक म्हण आहे, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजीत नाही. न्यायालय तर आई नव्हे.

आता मधल्या रांगेतून एक प्रश्न आलाच आहे, आणि तो रास्त आहे. "म्हणजे काय बाई, आमच्या दाराशी चोर आणून बसवायचा?" मुळीच नाही. २००५ चा कायदा करणारांना काही माणसांचा द्वेष नव्हता. शहरे वाढली, घरात दिवसभर एकट्या बायका आणि म्हातारी माणसे राहू लागली, गल्लोगल्ली एजन्स्या निघाल्या, कोण कोठून येतो याचा पत्ता नाही. तेव्हा ही धास्ती खरीच होती. ज्याने मुलांशी दुर्वर्तन केले त्याला शाळेच्या गाडीवर ठेवू नये. ज्याने पतपेढीत अफरातफर केली त्याच्या हाती लगेच तिजोरीच्या किल्ल्या देऊ नयेत. यात वाद नाही. माझे म्हणणे एवढेच की, गुन्ह्याचा आणि कामाचा काही संबंध आहे की नाही, हे पाहावे. आणि मध्ये किती वर्षे सरळपणे गेली, तेही पाहावे. मोटार वाहन कायद्यातच पाहा ना. १९८८ च्या त्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात गाडी चालविण्याचा परवाना काढून घेण्याची कारणे दिली आहेत: सराईत गुन्हेगार, अट्टल दारूबाज, गाडीचाच गुन्ह्यासाठी उपयोग करणारा, धोकादायक हाकणारा. सराईत, असे म्हटले आहे. एकदा चुकलेला, असे नव्हे. आणि परवाना काढण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. असा नियम मला समजतो.

नियम जर सरसकट असेल, तर तो कोणालाही कसा लागतो याचे एक मोठे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे, फक्त त्या बाजूने आपण त्याकडे पाहत नाही. महात्मा गांधी बॅरिस्टर झाले १८९१ साली, लंडनच्या इनर टेंपल या संस्थेतून. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादला त्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्यास आणले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इनर टेंपलने त्यांचे नाव आपल्या यादीतून काढून टाकले. ते परत घातले १९८८ साली, म्हणजे ते गेल्यानंतर चाळीस वर्षांनी! गांधीजींना काही वकिली करून पोट भरायचे नव्हते, म्हणून ही गोष्ट इतिहासात तळटीप होऊन राहिली. ज्याला भरायचे असते त्याच्या घरात ती तळटीप नसते.

तुरुंगातून सुटलेली माणसे मग करतात तरी काय? मी पाहिलेली बहुतेक जण गवंड्याच्या हाताखाली, भाजीच्या गाडीवर, शेतमजुरीला, बायका असतील तर शिवणाच्या मशीनवर. सगळी प्रामाणिक कामे आहेत, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही सारी रोजाची कामे आहेत. जेथे महिन्याचा पगार सुरू होतो, तेथेच कागद सुरू होतात. रिक्षा किंवा टॅक्सीवर बसायचे तर बॅज लागतो आणि बॅजला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. एजन्सीत दाखला, कारखान्याच्या ठेकेदाराकडे दाखला. आणि खासगी मालक कायद्याने सांगितलेल्यापेक्षाही चार पावले पुढे जातात. कोर्टात खटला नुसता चालू आहे, दोष शाबीत व्हायचा आहे, तरी "नको रे बाबा!" असे म्हणून मोकळे होतात.

याउलट, विश्वास टाकला तर काय होते, हे पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या गृहस्थांच्या कल्पनेने १९३९ साली ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंत नाही, कैदी बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला तो याच प्रयोगावरून, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक असेल. चित्रपट आपण डोळे पुसत पाहिला. पण त्यातला एखादा कैदी सुटून आपल्या दारी काम मागायला आला, तर पुढे काय, हे चित्रपटात नव्हते.

ही अडचण एकट्या आपल्या देशाची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतले कैदी कित्येक दशके जंगलातले वणवे विझविण्याचे काम करीत आले आहेत. जिवावरचे काम, तेही नाममात्र मजुरीवर. पण सुटल्यावर तोच माणूस अग्निशामक दलात जाऊ म्हणे, तर तेथे प्रथमोपचाराचा सरकारी परवाना लागे, आणि शिक्षा झालेल्याला तो मिळणे फार कठीण. आग विझवायची ती कैदी असेतोवरच! २०२० साली तेथे कायदा करून, अशा कैद्याला सुटल्यावर न्यायालयाकडे अर्ज करून ती नोंद दूर करून घेण्याची सोय झाली. अतिशय गंभीर गुन्हे वगळून. इंग्लंडात त्याच्याही पुष्कळ आधी, १९७४ साली, असा कायदा झाला की, ठरावीक वर्षे नीट गेली म्हणजे जुनी शिक्षा 'सरली' असे समजावे, आणि साध्या नोकरीच्या अर्जात ती सांगण्याची गरज नाही. मुलांची कामे, वैद्यकी, वकिली अशा नाजूक जागा त्यातून वगळल्या आहेत. आपल्याकडे असा सर्वांना लागू पडणारा कायदा नाही. मुलांपुरता आहे: २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या चोविसाव्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला त्या दोषाची अपात्रता पुढे लागत नाही. सोळा वर्षांवरच्या मुलाच्या अतिघोर गुन्ह्याला मात्र अपवाद आहे. मोठ्यांसाठी परिवीक्षेची वाट, आणि नाही तर न्यायालयाचे दार.

ते दार कधी कधी उघडते. दिल्लीच्या दूध योजनेतल्या एका कारकुनाने पाचशे रुपयांची अफरातफर केली, पैसे परत भरले, गुन्हा कबूल केला. मॅजिस्ट्रेटने त्याच्या घरावरची संकटे पाहून त्याला परिवीक्षेवर सोडले. पण खात्याने बडतर्फ केले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बाराव्या कलमाने खात्याची बडतर्फी आपोआप टळत नाही. म्हणजे ते कलम काही सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे, हेही आपण समजून घ्यावे. पण अशा माणसाला इतकी मोठी शिक्षा न्याय्य नाही, म्हणून त्यांनी त्याला कामावर परत घ्यायला लावले. निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, आपल्या पुण्याचे.

आणखी एक गोष्ट आयांनी मुलांना सांगावी: लपवू नका. अर्जात विचारले असेल तर खरे लिहा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने या लपविण्याविषयी बरेच नियम घालून दिले. तरुणपणी घोषणा दिल्या, किरकोळ भांडण झाले, असल्या क्षुल्लक गोष्टी लपविल्या तर मालकाने त्या पोटात घालाव्यात. पण गंभीर गुन्हा लपविला, तर नोकरी गेली तरी तक्रार चालणार नाही. २०११ च्या एका खटल्यात पोलीस भरतीतल्या उमेदवाराने पोरवयातले मारामारीचे प्रकरण, तेही तडजोडीने मिटलेले, लिहिले नव्हते. त्याच्या बाजूने निकाल देताना न्यायमूर्तींना व्हिक्टर ह्यूगोचा ज्याँ व्हालज्याँ आठवला, घरच्या उपाशी मुलांसाठी पाव चोरून जन्मभर चोर ठरलेला. पण प्रत्येक वेळी न्यायमूर्तींना ह्यूगो आठवेलच याचा भरवसा धरू नये.

आता आपल्या मंडळाचे. पोळीभाजी केंद्रासाठी आठ बायका घ्यायच्या आहेत आणि अर्जाचा मसुदा कार्यकारिणीने मला पाहायला दिला. त्यात सातवा रकाना असा होता: "आपणावर कधी पोलीस केस झाली आहे काय?" हा रकाना ज्यांनी घातला त्यांचा हेतू चांगला आहे. पण शेजारणीने नळावरच्या भांडणातून तक्रार केली, तरी त्या बाईला येथे "होय" लिहावे लागेल. निर्दोष सुटली तरीही. अन्न करणाऱ्या माणसाविषयी अन्नसुरक्षेचे नियम आपल्याला काय विचारतात? त्याला संसर्गजन्य रोग नाही ना, एवढे; आणि दरसाल वैद्यकीय तपासणी करून घ्यायला सांगतात. तो दाखला आपण जरूर घ्यावा. पोळी लाटणारीला सातवा रकाना लागू नये, असे माझे मत आहे. पैसे घेणारी आणि हिशेब ठेवणारी अशा दोनच जागा आहेत. त्यांना गेल्या पाच वर्षांत चोरी, फसवणूक किंवा अफरातफर यांबद्दल दोष शाबीत झाला आहे काय, एवढेच विचारावे. आणि उत्तर "होय" आले, तर अर्ज बाजूला न ठेवता त्या बाईला बोलावून काय घडले ते ऐकून घ्यावे.

दुरुस्त केलेला मसुदा मी चिटणीसबाईंच्या स्वाधीन केला आहे. बुधवारच्या सभेत तो चर्चेला येईल. त्याच्यासोबत परिवीक्षेच्या अर्जाचा एक मराठी नमुनाही ठेवला आहे. ज्यांना वकिलाची फी झेपत नसेल त्यांनी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्यांना तेथे उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळतो. जाताना आरोपपत्राची नक्कल आणि मुलाच्या वयाचा दाखला बरोबर न्यावा, आणि पुढची तारीख पडण्याच्या आत जावे.